क्रिकेटवीर पालवणकर बाळू

आजवर होऊन गेलेल्या सर्व भारतीय क्रिकेटपटूंतून अकरा जण निवडून एक सर्वश्रेष्ठ संघ बनविणे हा विद्यार्थ्यांचा फार आवडता विरंगुळा होय. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत चेंडूफळीचा सामना संपला, की पुष्कळदा बांधावर बसून हा दुसरा सामना सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक वेळ चालतो. सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर, कपिल देव ह्यांच्या नावांविषयी फारसा वाद होत नाही. खरा तंटा माजतो तो डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या जागेवरून. कोणी २६६ बळी मिळविणाऱ्या बिशनसिंग बेदी ह्यांचा पक्ष घेतो. कोणी विनू मंकड ह्यांनी ४४ कसोटी सामन्यांत १६२ बळी तर घेतलेच, शिवाय दोन हजारांवर धावाही केल्या, ह्याकडे लक्ष वेधतो. कोणी रवींद्र जडेजा ह्यांचे नाव पुढे करतो. परंतु हे सर्व कसोटी सामन्यांचे खेळाडू. भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लंडन येथील लॉर्ड्स मैदानावर सुरू झाला, आणि त्या संघाचे नायकत्व आपल्या शेजारच्या नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू ह्यांजकडे होते. त्या दिवसाच्या आधी ज्यांची कारकीर्द संपली, ते ह्या याद्यांत सहसा येत नाहीत. अशांपैकी सर्वांत मोठ्या गोलंदाजाचे, पालवणकर बाळू ह्यांचे, चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. ते चर्मकार समाजातील होते, व त्या काळी ह्या समाजाची गणना अस्पृश्यांत होत असे. वडिलांची चाकरी लष्करात असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. ह्या दोघांच्या पाठीवरचे गणपत आणि विठ्ठल हेही पुढे नामांकित खेळाडू झाले. एका घरातील चार सख्खे भाऊ मुंबईच्या मोठ्या सामन्यांत हिंदू संघाकडून खेळावेत, हे उदाहरण आपल्या देशाच्या क्रिकेटच्या इतिहासात विरळाच.

घरची स्थिती बेताची असल्याने बाळूंना शिक्षण लवकरच सोडावे लागले. पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे ही त्यांची पहिली नोकरी, वेतन दरमहा ३ रुपये. तेथे सभासदांस सरावासाठी ते मधूनमधून गोलंदाजीही करीत. सुमारे १८९२ साली ते गोऱ्या लोकांच्या क्लबात गेले व वेतन १ रुपयाने वाढून ४ रुपये झाले. खेळपट्टी तयार करावी, जाळ्या उभाराव्यात, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखाव्यात आणि साहेब लोक सरावास आले म्हणजे त्यांना तासन्‌तास चेंडू टाकावेत, असा तेथील त्यांचा दिनक्रम असे.

ह्या साहेबांत कॅप्टन ग्रेग नावाचा एक निष्णात फलंदाज होता. तो इंग्लंडात हँपशायर परगण्याकडून खेळत असे. इतर मंडळी मैदानावर येण्यापूर्वी तासभर आधीच तो येऊन पोहोचे आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी आपणांस एकदा बाद केले, की तो त्यांना आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल, तर महिन्यातून आठ वेळा साहेबास बाद करणाऱ्या गड्याचे उत्पन्न दुप्पट होत असले पाहिजे! आख्यायिकेचे काहीही असो, बाळूंचा हात घडला तो ह्या सरावातच, ह्यात शंका नाही. मात्र एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. इतकी वर्षे त्यांनी चेंडू टाकले, पण त्या जाळीत फळी हाती घेऊन उभे राहण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. फलंदाजी हा थोरामोठ्यांचा मान, गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी तेथील समजूत. त्यामुळे बाळू फलंदाज म्हणून अखेरपर्यंत सामान्यच राहिले. उपजत कौशल्य कमी पडले की शिकण्याची सोय मिळाली नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

त्यांची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली. ह्या क्लबास गोऱ्यांच्या संघावर विजय मिळविण्याची मोठी हौस होती, आणि विजय मिळवून देऊ शकेल असा गोलंदाज तर समोर दिसत होता. परंतु त्यास संघात घ्यावे कसे? क्लबातील तेलुगू सभासद अनुकूल होते, महाराष्ट्रीय ब्राह्मण सभासदांपैकी अनेक प्रतिकूल. अखेर विजयाच्या इच्छेने रूढीवर मात केली व बाळूंची निवड झाली. तथापि ती निवड मैदानाच्या सीमारेषेपुरतीच होती. खेळ चालू असता त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सर्वजण झेलीत. खेळ थांबून चहाची वेळ झाली, की तेच सहकारी मंडपात बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो मंडपाबाहेर, मागाहून फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यातून मिळे. हातपाय धुण्यास पाणी हवे असल्यास अस्पृश्य समाजातीलच एखादा नोकर ते आणून दूर कोपऱ्यात ओती. भोजन निराळ्या पात्रावर, निराळ्या मेजावर. ज्या शाळेत निरनिराळ्या घरची मुले एकाच पंगतीस बसून जेवतात, तेथील विद्यार्थ्यांस हे वाचून नवल वाटेल. परंतु आपल्याच जिल्ह्यातील वृद्धांस विचारून पाहावे. मातीच्या अशा भांड्याची आठवण असणारी माणसे आपल्या गावातही सापडतील.

अशा परिस्थितीत बाळू खेळले आणि त्यांनी सामन्यामागून सामने जिंकून दिले. सातारा येथील गोऱ्या लोकांच्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूंच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी टणक करून ठेविली होती. बाळूंनी तरीही सात बळी घेतले व सामना हिंदूंनी जिंकला. पुण्यात त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी एका सभेत त्यांच्या गळ्यात हार घातला व ज्याच्यासह खेळता त्याच्यासह खाण्यापिण्यास हरकत कसली, अशा आशयाचा प्रश्न खेळाडूंपुढे ठेविला. लोकमान्य टिळकांनीही पुढे एका सभेत त्यांचा गौरव केला. रानडे व टिळक ह्यांचे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नी किती मतभेद होते, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतोच. ह्या गोलंदाजाच्या बाबतीत मात्र दोघांचेही हात हार घेऊन पुढे आले.

पुण्यात प्लेगने थैमान घातले, त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. काही काळ त्यांनी लष्करात व नंतर रेल्वेत नोकरी केली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाविषयी पहिल्याने कुरकुर झाली. पण तेथील कर्णधार कीर्तिकर ह्यांनी आग्रह धरून त्यांना संघात घेतले आणि कालांतराने तेथे चहापान व भोजनही एकत्र होऊ लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन ह्यांचा जो सामना झाला, तो त्या काळी फार गाजला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ व १०२ धावांत बाद झाला. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. बाळूंचे दोन्ही डावांतील बळी आणि शिवराम ह्यांचा खेळ ह्यांचा त्या विजयात मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद लोकांस झाला, हे तर खरेच. त्याबरोबरच काही विचारी पत्रकारांनी ह्या विजयाचा दुसरा अर्थही त्याच वेळी ओळखला. संघातून ज्यांस जातीमुळे वगळले असते, त्यांच्याच बळावर हा विजय मिळाला होता.

बाळूंची गोलंदाजी कशी होती? ते डाव्या हाताने मंद गतीचा चेंडू टाकीत. अशा गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर सामान्यतः उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेरच्या बाजूस वळतो. बाळूंना तो दोन्हीकडे वळविता येई, हवेतही त्यास वक्रगती देता येई, आणि प्रत्येक चेंडूची गती व उंची थोडीथोडी बदलीत असूनही टप्पा मात्र चुकत नसे. सकाळपासून सायंकाळपर्यंत एका बाजूने गोलंदाजी करण्याचा दमही त्यांच्यात होता. साहेबांच्या सरावाने दिलेली ही एक देणगी म्हणावयाची. त्यांची तुलना इंग्लंडच्या विख्यात विल्फ्रेड ऱ्होड्स ह्यांच्याशी होत असे.

आता ज्या घटनेमुळे हे चरित्र आपल्या अकरा जणांच्या यादीशी जोडले जाते, तिच्याकडे वळू. १९११ साली हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यापूर्वी असा संघ उभारण्याचे झालेले यत्न कोणत्या समाजाचे किती खेळाडू ह्या वादात विरून गेले होते. ह्या वेळी मुंबईत चाचणीचे सामने झाले व निवड समितीत बाळूंचा जुना परिचित ग्रेगही होता. पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार. शिवाय सहा पारशी, पाच हिंदू व तीन मुसलमान. हिंदूंपैकी दोघे बाळू आणि शिवराम. सारा देश अशा एका नावाखाली खेळावयास गेला, त्या वेळी देशाला स्वतःचे निशाणही नव्हते.

दौऱ्याचा निकाल निराशाजनक झाला. राज्यारोहणाच्या समारंभात गुंतल्याने महाराज मोजक्याच सामन्यांस हजर राहिले व त्यांच्या सेवेतील उत्तम फलंदाज मिस्त्री हेही संघाला फारसे मिळाले नाहीत. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी २ जिंकले, १० हरले, २ अनिर्णित राहिले. लेस्टरशायर व सॉमरसेट ह्या परगण्यांवरील विजय तेवढे समाधान देणारे. ह्या सर्व पडझडीत एक माणूस उभा होता. बाळूंनी त्या दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, प्रत्येक बळीमागे १९ हूनही कमी धावा देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी ८ गडी बाद केले. त्या वेळी ते पस्तिशी ओलांडलेले होते, थंड व ओल्या हवेची सवय त्यांना नव्हती, आणि झेल सुटण्याचे प्रमाणही मोठे होते. हे ध्यानी घेतले, म्हणजे ह्या आकड्याचे मोल कळते.

ते परत आले तेव्हा मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राच्या कार्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा पुढाकार होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या चंद्रपुरात ज्यांच्या हस्ते सहस्रावधी लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्या डॉक्टर बाबासाहेबांच्या तरुणपणीचे एक आदराचे स्थान हा गोलंदाज होता.

एवढ्या कीर्तीनंतर हिंदू संघाचे नायकत्व बाळूंकडे येईल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. वयाने, अनुभवाने, कर्तबगारीने त्यांचा अधिकार पहिला. पण दर वर्षी चौरंगी सामन्यांच्या वेळी निवड समिती बसे व दर वर्षी दुसऱ्याच कोणाचे नाव जाहीर होई. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै ह्यांनी तर हा मान आपल्यापेक्षा बाळूंना मिळावयास हवा होता, असे सत्कारसमयी उघडपणे सांगितले. पै ब्राह्मण होते. स्वतःच्या सत्काराच्या दिवशी असे बोलण्यास मन मोठे लागते, असे मला वाटते.

१९२० साली हे प्रकरण विकोपास गेले. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडल्यामुळे पहिल्या सामन्यासाठी दुसरा कर्णधार नेमावयाचा होता. त्या जागेवर विठ्ठल ह्यांचा हक्क असता समितीने पुण्याचे प्रो. दि. ब. देवधर ह्यांची नेमणूक केली. देवधर उत्तम फलंदाज होते, ह्याविषयी वाद नाही. परंतु विठ्ठल आणि शिवराम ह्यांनी हा आपल्या जातीमुळे झालेला अन्याय आहे असे प्रसिद्धपणे सांगून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. त्याच हिवाळ्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यता नाहीशी करण्याचे आवाहन हिंदूंस केले, ही गोष्टही येथे आठवावी. पारशांविरुद्ध अंतिम सामना आला, तेव्हा समिती नमली. पै पुन्हा कर्णधार, बाळू उपकर्णधार, आणि दोघे भाऊ संघात परत. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघाने बाळूंच्या आज्ञेनुसार खेळ केला. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत बाळूंच्या वाट्यास नायकत्व आले ते असे, उसने आणि घटकाभर.

जे त्यांना मिळाले नाही, ते धाकट्या भावास मिळाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. त्यांच्या चार वर्षांच्या नायकत्वात हिंदूंनी चौरंगी स्पर्धा तीन वेळा जिंकली. पहिल्या विजयानंतर उच्चवर्णीय चाहत्यांनीच त्यांना खांद्यावर उचलून नेले.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले, आणि ते सरळ रेषेत गेले नाही. सप्टेंबर १९३२ मधील पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीविषयी त्यांचे मत डॉ. आंबेडकरांहून भिन्न होते. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना उभे केले ते नेमके आंबेडकरांविरुद्ध. ज्याने एके काळी सत्कारास हातभार लावला, तो विद्यार्थी एका बाजूस, आणि ज्याचा सत्कार झाला तो खेळाडू दुसऱ्या बाजूस. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. ह्या लढतीवरून बाळूंना दोष देणारे लोक आहेत, व त्यांच्या बाजूने बोलणारेही आहेत. माझे मत असे, की दोघांनाही एकच अन्याय दूर व्हावयास हवा होता आणि मार्गाविषयी त्यांचे पटले नाही. मतदारांनी आपला निवाडा दिला, तो योग्यच होता.

प्रथम श्रेणीच्या सामन्यांपुरते बोलावयाचे, तर बाळूंच्या नावावर ३३ सामने व १७९ बळी आहेत, प्रत्येकी सरासरी १५ धावांच्या थोड्या वर. कसोटी सामना एकही नाही, कारण त्या वेळी भारतास कसोटीचा दर्जा नव्हता. जुन्या खेळपट्ट्या गोलंदाजांस अनुकूल असत, म्हणून त्यांची व बेदींची सरासरी शेजारी मांडणे योग्य नव्हे, असा आक्षेप येईल, व तो मान्य केला पाहिजे. उलट बाजूस हेही मांडले पाहिजे, की बेदी व मंकड ह्यांना आपल्याच संघात जेवणाच्या पंगतीपासून दूर बसावे लागले नव्हते. निवड करणाराने केवळ कसोटीचा तक्ता पुढे घेतला, तर १९३२ च्या अलीकडचेच नाव निघणार. हिंदुस्थानच्या नावाने परदेशी खेळलेला प्रत्येक जण उमेदवार मानला, तर १९११ च्या त्या ११४ बळींकडे पाहावेच लागेल. मी स्वतः बाळूंना घेईन आणि मंकडांना त्यांच्या फलंदाजीसाठी ठेवीन. बेदींना वगळताना मात्र हात जड होईल, आणि ह्यावर वर्गात भांडण झाल्यास ते रास्तच ठरेल.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पालवणकर बाळू निवर्तले. सांताक्रूझ येथे त्यांचा अंत्यविधी झाला. त्या वेळी निरनिराळ्या पक्षांचे पुढारी, दलित समाजाचे कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबर खेळलेले जुने क्रिकेटपटू स्मशानभूमीत उपस्थित होते.